हंगामी माणूस, पक्की पकड

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत 'हंगाम' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथल्या साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडू लागतात. बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. मुकादमाच्या वहीत उचल आधीच मांडलेली असते, आणि कारखान्याचा पट्टा पडला की माणसे आली तशी निघून जातात. आमच्या समाजातल्याही कितीतरी घरांनी हा कोयता हाती धरला आहे, त्यामुळे हंगामाला बाहेरगावी जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

गेली काही वर्षे मात्र आमच्याकडची पोरे आणखी एका हंगामाची वाट पाहू लागली आहेत. तो प्रो कबड्डीचा. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली, आणि तेव्हापासून भिगवण असो, निमगाव केतकी असो की बारामतीतली आमची वस्ती असो, संध्याकाळी पोरांच्या तोंडी चढाई आणि पकड यावाचून दुसरा विषय नसतो. या हंगामालाही माणसे बाहेरून येतात, दोन-तीन महिने राबतात आणि परत जातात. त्यातल्या सगळ्यांत नावाजलेल्या हंगामी माणसाविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. त्याचे नाव फझल अत्राचली. गाव गोंबद-ए-कावूस, इराणच्या ईशान्येकडच्या गोलेस्तान प्रांतातले. जन्म १९९२ सालचा.

इथे एक गंमत सांगून पुढे जाऊ. ज्या शब्दाने आम्ही सुरुवात केली तो 'हंगाम' मुळात फारसी आहे. कुस्ती, पहिलवान, मैदान हेही फारसीच. म्हणजे फझलच्या मुलखातले शब्द आमच्या तालमीत तो यायच्या कित्येक शतके आधी येऊन बसले होते. इराणातही दम धरून खेळायचा 'झू' नावाचा जुना खेळ आहे, आणि तिथल्या कबड्डीपटूंत कुस्तीतून आलेले बरेच. तेव्हा हा माणूस आपल्या खेळात अगदीच उपरा होता असे समजायचे कारण नाही.

फझल हा डाव्या कोपऱ्याचा बचावपटू. ज्या भगिनींच्या घरात टीव्हीचा ताबा पोरांकडे गेला आहे, त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगतो. मॅटवर एका बाजूला सात गडी. समोरचा चढाईपटू 'कबड्डी, कबड्डी' म्हणत येतो, त्याला तीस सेकंद मिळतात. त्याने कुणाला शिवून मध्यरेषा गाठली की गुण त्याचा, अडवला गेला की गुण आपला. टोकाला उभे असतात ते दोन कोपरे. मागची बोनस रेषा ओलांडायला चढाईपटू पाय लांबवतो, आणि तो पाय टेकायच्या क्षणी कोपऱ्याने खाली झेप घेऊन घोटा धरायचा असतो. क्षणभर आधी गेला तर चढाईपटू त्याला शिवून पळतो. क्षणभर उशीर झाला तर हातात हवा येते. घोटा धरल्यावरही काम संपत नाही. समोरचा माणूस सगळ्या अंगाचा जोर लावून मध्यरेषेकडे ओढत असतो आणि मदतीला गडी येईपर्यंत ती पकड सुटू द्यायची नसते. या वेळी लाथ नाकावर बसते, गुडघा छातीत बसतो, बोटे मुरगळतात. चढाईपटूचे नाव होते, त्याचे फोटो छापून येतात. कोपऱ्यावरचा गडी मार खाऊन उठतो आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहतो. आमच्याकडच्या मैदानांवर पोरांना विचारा, दहातल्या आठांना चढाईच करायची असते.

फझलने मात्र हेच काम पोटापाण्याचे केले. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात तो मुंबईच्या यू मुंबा संघात आला आणि त्याच वर्षी मुंबईने अंतिम सामन्यात बंगळुरूला ३६-३० असे हरवून विजेतेपद घेतले. पुढल्या वर्षी तो पाटण्याच्या संघात, आणि तिथेही विजेतेपद. २०१७ साली गुजरातकडून खेळताना संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पाटण्याकडूनच हरला. २०१८ च्या लिलावात मुंबईने त्याला परत आणले, एक कोटी रुपयांना. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू हा परदेशी होता आणि बचावपटू होता. चढाईपटूंच्या या जगात ही मोठी गोष्ट होती. त्यानंतर तो मुंबईचा कर्णधार झाला. २०२२ साली पुणेरी पलटणने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले आणि कर्णधार केले. त्या हंगामातले काही सामने बालेवाडीला झाले. बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, तेव्हा आमच्या भागातली काही पोरे त्याला प्रत्यक्ष पाहून आली आणि महिनाभर तेच सांगत होती. पलटण त्या वर्षी प्रथमच अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. पुढल्या लिलावात गुजरातने त्याला १ कोटी ६० लाख दिले. पकडींचे पाचशे गुण ओलांडणारा तो या स्पर्धेतला पहिला बचावपटू.

आता लिलावाविषयी. आमचे काही जुने कार्यकर्ते म्हणतात, माणसांचा लिलाव हा शब्दच आम्हाला सहन होत नाही. गुरांच्या बाजारात बोली लागते, माणसांची कसली लावता? त्यांचा संताप आम्हाला कळतो. ज्यांच्या वाडवडिलांना गावाने बलुत्यावर बांधून ठेवले, त्यांना 'बोली' या शब्दाचा काटा टोचणारच. शिवाय कुठल्या संघात जायचे हे खेळाडू ठरवत नाही, संघमालक ठरवतात, हेही खरेच. पण वाचकहो, जरा आपल्या भागातल्या दुसऱ्या हंगामाशी ताडून पाहा. ऊसतोडीचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांची उचल किती, ते मुकादम आणि ते जोडपे यांनाच ठाऊक. तोडलेल्या टनांतून ती फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढल्या वर्षाच्या बोकांडी बसते, आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. बाई आजारी पडली, खाडा झाला, तर पैसे कापले जातात. कागदावर सही कुठे असलीच तर ती कशावर केली हे सही करणाऱ्याला सांगता येत नाही. इकडे फझलचा भाव भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर ठरला. सगळ्या देशाला कळला. हंगाम संपला की त्याच्या डोक्यावर कुणाची बाकी राहिली नाही. दोघेही परमुलखात अंगमेहनत विकायला आलेले. लिलावाची लाज वाटण्याआधी आम्हाला त्या वहीतल्या उचलीची लाज वाटते.

आणि दुसरी गोष्ट कर्णधारपदाची, जी आमच्या मते पैशापेक्षा मोठी आहे. भाषा वेगळी, देश वेगळा, धर्म वेगळा असा हा माणूस. त्याला मुंबईने नेतृत्व दिले, पुण्याने दिले, नंतर बंगालनेही दिले. कुणी विचारले नाही की, आमच्या पोरांना हुकूम सोडणारा हा कोण? या पुणे शहरात असे नेहमी घडत आले आहे काय? बाळू पालवणकरांचे नाव आमच्या वाचकांना माहीत आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा फिरकी गोलंदाज पुण्याच्या इंग्रजांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत होता. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याविना युरोपियनांना हरवता येत नव्हते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेही भांडून, संघाबाहेर राहून, जाहीर निषेध करून. राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात गेले, १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांच्याविरुद्ध उभे राहून हरले. तो हिशेब वेगळा. मैदानावरचा अन्याय मांडताना आम्ही तो आड आणणार नाही.

कबड्डीची तर जातकुळीच निराळी आहे. हा खेळ शिवण्याचा आहे. समोरच्याने शिवू नये म्हणून सात जण जपत असतात, आणि शिवला गेला की बाद. आमच्या आजोबांच्या पिढीला 'शिवलास की काय?' हे वाक्य कुठल्या अर्थाने ऐकावे लागले ते लिहायला नको. तोच शब्द मैदानात आला आणि त्याला गुण मिळू लागला. हुतुतू खेळायला चेंडू नको, बॅट नको, बूट नकोत, म्हणून तो आमच्या पोरांच्या आवाक्यात राहिला. पण एकत्र खेळायचे म्हटल्यावर घामाने भिजलेल्या अंगाला अंग लावावेच लागते, साखळी करायची तर शेजाऱ्याचा हात हातात घ्यावाच लागतो. ज्यांना हे नको होते ते गावोगाव कसे वागले याच्या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांजवळ आहेत. आज १४ एप्रिलच्या आसपास आमच्या मंडळांच्या स्पर्धा भरतात, तेव्हा आजूबाजूच्या गावांचे सगळ्या समाजांचे संघ येतात. ही साधी गोष्ट समजू नका.

या खेळाचे नियम बांधण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाच्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हाती घेतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्य घालवून तो आशियापर्यंत नेला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली. तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक दर वेळी भारताचेच. आपला खेळ, आपले पदक, असा सगळ्यांचा ग्रह झाला होता. २०१८ साली जाकार्ताला इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे हरवले आणि पुढे सुवर्णपदक नेले. फझल त्या इराणी संघात होता. इथे हंगामाला येऊन त्याने आमच्या चढाईपटूंचे पाय वर्षानुवर्षे पाहिले होते, कोण कुठल्या पायावर उडी घेतो हे त्याला पाठ होते. शिकायला आलेला माणूस शिकूनच गेला. यात रागावण्यासारखे काय आहे?

त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताच्या मुलींना २७-२४ असे हरवले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. ही बाई निवृत्तीच्या वयात, भाषा येत नसताना, इराणात जाऊन राहिली आणि तिथल्या मुलींना घडवून तिने मायदेशाविरुद्ध सुवर्णपदक जिंकून दिले. फझल तिकडून इकडे आला, शैलजाताई इकडून तिकडे गेल्या. आमच्या महिला मंडळांनी त्यांची गोष्ट मुलींना जरूर सांगावी. मुलींच्या कबड्डीला अजून पुरुषांसारखा पैसा नाही. २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा प्रो कबड्डीसोबत घेतली गेली आणि तिथेच तो विषय थांबला, ही खेदाची बाब आहे. असो, त्यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू.

हे सगळे लिहायचे कारण वेगळेच आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका माऊलीचे पत्र आमच्याकडे आले आहे. तिचा थोरला अकरावीत आहे, अंगाने भरलेला, तालुक्यात त्याच्या पकडीचे नाव आहे. घरी बाप कारखान्यावर हंगामी कामगार. पोरगा म्हणतो, शाळा सोडतो, दिवसभर सराव करतो, दोन वर्षांत लिलावात जातो, मग तुला धुणीभांडी करावी लागणार नाहीत. आईने विचारले आहे, त्याला अडवू की जाऊ देऊ?

ताई, खेळू द्या. पण शाळा सोडू देऊ नका. फझलचे कोटी दिसतात तसे पुढचेही पाहा. २०२३ साली १ कोटी ६० लाखांना गेलेल्या याच माणसाला २०२४ च्या लिलावात बंगालने ५० लाखांना घेतले. एका वर्षात भाव तिसऱ्या हिश्श्याहून खाली आला. पकड तीच, नाव तेच, वय मात्र बत्तीस. उसाला भाव नाही मिळाला तर शेतकरी मोर्चा काढतो. खेळाडूच्या गुडघ्याला भाव कमी मिळाला तर तो कुणाकडे दाद मागणार? हा सगळ्यांत वरचा माणूस होता म्हणून पन्नास लाख तरी मिळाले. त्याच्याखाली शेकडो असे आहेत, ज्यांचे नाव लिलावात पुकारले जाते आणि कुणी हात वर करीत नाही. आणि त्यांच्याखाली हजारो असे, ज्यांचे नाव यादीपर्यंतही जात नाही.

मग यात आपल्या पोराने काय करायचे? पहिली गोष्ट म्हणजे कागद. जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर खेळल्याचे प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायचे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. पोलीस, रेल्वे, बँका यांनी कबड्डीच्या जोरावर कितीतरी घरे उभी केली आहेत. पण त्या प्रत्येक ठिकाणी शिक्षणाची अट असतेच, आणि क्रीडा अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्राची पडताळणीही होते. कुणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर त्याच्या दारात उभे राहू नका. त्यात पकडले गेलेल्या पोरांची नोकरीही जाते आणि अब्रूही.

दुसरे, मातीवरचा आणि मॅटवरचा खेळ एक नव्हे. मातीत अनवाणी खेळलेल्या पोराचा पाय मॅटवर बूट घालून वेगळा वळतो, घोटा आणि गुडघा दगा देतो. आठवड्यातून दोनदा तरी मॅटवर सराव मिळेल असे पाहावे. खासगी स्पर्धांत हजार-दोन हजार रुपयांसाठी रोज रात्री वेगवेगळ्या गावी खेळून गुडघे संपवलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. आमच्या ओळखीच्या एका मुलाचा खांदा अशाच एका स्पर्धेत निखळला. आयोजकांनी व्यासपीठावरून टाळ्या वाजवल्या, दवाखान्याचा खर्च बापाने कर्ज काढून केला. खेळायला पाठवण्याआधी विमा आहे का, दुखापतीचा खर्च कुणाचा, हे विचारायला लाजू नका. फझलसारखा माणूस करार वाचल्याशिवाय सही करीत नसणार. आपण तर नुसत्या शब्दावर पोरे पाठवतो.

तिसरे म्हणजे पोराला कोपऱ्यावरच राहू द्या. सगळे चढाईच्या मागे असताना ज्याला पकड येते त्याला जागा मिळते. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या टाकळीभानचा, गरिबीतून वर आलेला. आणि त्याच्या पाठीशी कोपऱ्यावर होता आणखी एक इराणी, मोहम्मदरेझा शादलुई. त्याला पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले होते. त्यावर काही मंडळी कुरकुरली, बाहेरच्यांवर इतका पैसा कशाला? आम्हाला विचाराल तर अस्लमला मोकळेपणाने चढाई करता आली ती मागे अशी पकड होती म्हणून.

बाहेरचा आणि आतला हा भेद कसा ठरतो, याचे एक उदाहरण कॅनडाचे आहे. तिकडे फुटबॉलचा एक वेगळा प्रकार खेळतात. एका बाजूला बारा गडी, चेंडू लांबट, हाताने पळवायचा, आणि पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचे. त्यात लाइनबॅकर म्हणून जो गडी असतो त्याचे काम बरेचसे आमच्या कोपऱ्यासारखे. हेनॉक मुआम्बा हा असाच एक लाइनबॅकर. जन्म आफ्रिकेत, काँगोमधल्या किन्शासाचा. लहानपणी घरच्यांबरोबर कॅनडात आला आणि टोरांटोजवळच्या मिसिसागात वाढला. २०११ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत विनिपेगच्या संघाने त्याला सगळ्यांत पहिला निवडला. पुढे माँट्रियल, सस्कॅचेवान, टोरांटो अशी शहरे त्यानेही पालथी घातली. तिथल्या लीगमध्ये प्रत्येक संघात कॅनेडियन खेळाडूंची ठराविक संख्या लागते आणि काँगोत जन्मलेला मुआम्बा त्यात कॅनेडियन म्हणूनच धरला गेला. २०१९ साली त्याला लीगमधला सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडू ठरवले गेले. २०२२ च्या अंतिम सामन्यात टोरांटोने विनिपेगला २४-२३ असे हरवले. शेवटच्या मिनिटांत चेंडू मधल्या मध्ये पकडणारा होता मुआम्बा, आणि समोर होता त्याला पहिल्यांदा निवडणारा संघ.

फझलच्या वाट्याला ते नाव आले नाही. दहा वर्षे इथे खेळून, दोन मराठी शहरांचे कर्णधारपद करूनही नोंदवहीत तो परदेशीच राहिला, दर लिलावात परदेशी खेळाडूंच्या यादीतच त्याचे नाव आले. तो त्याचा तक्रारीचा विषय आहे की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. तो हंगामाला येतो, घरी परत जातो, तिकडे स्वतःच्या देशाकडून खेळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण पुन्हा समोरासमोर आले, गुणांवरून वाद होऊन सामना बराच वेळ थांबला आणि अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. काही आठवड्यांनी तेच इराणी आणि तेच भारतीय प्रो कबड्डीच्या एकेका संघात खांद्याला खांदा लावून उभे होते. आमच्याकडे गावकीच्या भांडणात तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत.

२०२५ च्या लिलावाआधी पुष्कळांनी धरले होते की फझलचे दिवस संपले. दिल्लीच्या संघाने त्याला घेतले, कर्णधार केले नाही, कोपऱ्यावर उभे केले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला तो दिल्ली आणि पुणेरी पलटण यांच्यात. आमच्या बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत त्या रात्री सगळे अर्थातच पुण्याच्या बाजूने. अखेरच्या मिनिटाला पलटण दोन-तीन गुणांनी मागे, पोरे उठून उभी राहिलेली, आणि पलटणच्या चढाईपटूला खाली आणला तो त्यांच्याच जुन्या कर्णधाराने. सामना ३१-२८. मुंबई, पाटणा आणि आता दिल्ली, असे तीन वेगवेगळ्या संघांकडून त्याचे हे तिसरे विजेतेपद. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या पोराने त्या रात्री जेवण केले नाही, असे त्यांनी कळवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो अंगणात धाकट्या भावाला चढाई करायला लावून त्याचा घोटा धरत होता.